कुणालाही न घाबरवता हॅलोविन

"भूत तर व्हायचंय, पण कुणी घाबरायला नको," शेषेरावांनी हैदराबादहून आलेला मेल पुन्हा एकदा वाचून सांगितलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. केबिनमध्ये बसलेल्या मंडळींनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं.

शेषेराव हे लातूरच्या ट्यूशन एरियातल्या यशोकिरण अकॅडमीचे शाखाव्यवस्थापक. अकॅडमी पूर्वी एका मास्तरांची होती. वर्षभरापूर्वी ती हैदराबादच्या एका कंपनीनं विकत घेतली आणि तेव्हापासून शिपायाला सपोर्ट स्टाफ म्हणायचं, फळ्याला बोर्ड म्हणायचं आणि दर महिन्याला काहीतरी साजरं करायचं असा नियम झाला. चॉकलेटचा दिवस झाला, हसण्याचा दिवस झाला, एकदा तर निळ्या कपड्यांचा दिवसही झाला. आता ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोविन. तेही साधंसुधं नाही, तर कुणाच्याही भावना न दुखवता, कुणालाही न घाबरवता, सगळ्यांचा विचार करून. कार्यक्रम चालू असताना मुख्य कार्यालयातल्या नाझनीन मॅडम व्हिडिओवरून तो बघणार होत्या.

"म्हंजे तिखट न घालता ठेचा करायचा," कावेरीबाई म्हणाल्या. त्या अकॅडमीचा चहा बघत आणि चहाबरोबर बाकी सगळ्यांनाही बघत.

हसण्यावारी नेण्याची सोय शेषेरावांना नव्हती. मेलच्या शेवटी एक ओळ होती. ज्या शाखेत सहभाग कमी दिसेल, तिथल्या व्यवस्थापकांना नव्या केंद्रांवर पाठवण्याचा विचार केला जाईल. नवं केंद्र उमरीला निघत होतं. उमरीशी शेषेरावांचं काही वाकडं नव्हतं, त्यांची एक मावशी तिथंच दिली होती. पण त्यांची मुलगी सिंधु यंदा बारावीला होती. सगळ्या मराठवाड्यातली माणसं पोरांच्या बारावीसाठी घरदार सोडून लातुरात खोल्या करतात, आया गॅसची टाकी आणि कुकर घेऊन मागोमाग येतात. अशा वेळी बारावीच्या वर्षात लातूर सोडून जाणारा बाप अजून जन्माला आला नव्हता, आणि तो मान आपल्याला मिळू नये एवढीच शेषेरावांची इच्छा होती.

"तर प्रत्येकानं सांगायचं," ते म्हणाले, "कुणाला कशाचं वाईट वाटतं, कुणाला कशाची भीती वाटते. ते आपण वगळू. उरलं ते साजरं करू."

हिशेब बघणारे जिलानी खाकरले. "साहेब, बुरा मानू नका. पण ते पांढरी चादर पांघरून भूत बनतात ना, ते नको. आमच्यात पांढऱ्या कपड्यात माणसाला शेवटचं नेतात. त्याची मस्करी बरी दिसत न्हाई."

"पांढरं कट," शेषेराव म्हणाले.

"आन् थर्माकोलच्या कबरी बी नको," ॲडमिशन बघणारे वीरण्णा म्हणाले. "जिलानीभाईंचे लोक मातीत, आम्हा लिंगायतांचे बी मातीतच. हापिसातली अर्धी मंडळी तिकडंच जायची हायत. कशाला आत्ताच जागा धरून ठेवायची?"

कबरी कट झाल्या. मग भोपळा निघाला. हॅलोविनला भोपळ्याला डोळे कोरतात, हे एव्हाना सगळ्यांना मोबाइलवरून कळलं होतं. कावेरीबाईंनी आधीच हात वर केले. अख्ख्या भोपळ्याला बाई सुरी लावत नाही, पहिला घाव पुरुषानंच घालायचा, आणि त्यांना चिरून द्यायला कुणी पुरुष वेळेवर सापडेल असं त्यांना वाटत नव्हतं. वीरण्णा म्हणाले, चिरायचा प्रश्न नंतरचा, आधी दारात भोपळा बघून पालक आत येतील का ते सांगा. दोन लाख फी भरायला आलेल्या माणसाला दारातच भोपळा दाखवायचा म्हणजे काय! भोपळ्याऐवजी पपई घ्यावी अशी सूचना शेषेरावांनी केली, तेव्हा रिसेप्शनवरची बबिता लाजून खाली बघू लागली. तिला सातवा महिना होता. पपई नुसती घरात आली तरी तिच्या सासूबाई बाहेर फेकत.

"आन् सर, भेसूर तोंडं बी बघायची न्हाईत म्हणाल्यात सासूबाई," ती हळूच म्हणाली. "बाळावर परिणाम होतो म्हणे."

तेव्हा भेसूर तोंडं गेली. पपई गेली. काळा रंग बबितासाठी गेला, आणि मग बाकीच्या रंगांचाही विचार करावा लागला. भगवी चादर पांघरलेलं भूत ही कल्पनाच शेषेरावांना घाम फोडणारी होती. हिरवं नको, निळं नको, हेही कुणी न सांगताच सगळ्यांना समजलं. शेवटी कुणाचाच झेंडा नसलेलं, कुठल्याच मोर्चात न दिसलेलं एकच कापड उरलं, आणि ते म्हणजे शेषेरावांच्या घरातली चौकड्याची सोलापुरी चादर. हिवाळ्यात दोन माणसं झोपतील एवढी जाड.

सजावटीला फुगे ठरले. फुग्यांवर हसरे चेहरे काढायचे, आणि फुगे निम्मेच फुगवायचे, म्हणजे फट् करून फुटून बबिता दचकायला नको. पोरांच्या तासांना त्रास नको म्हणून कार्यक्रम हॉलऐवजी केबिनमध्येच, दार लावून आणि दबक्या आवाजात करायचा. एवढा शांत सण अकॅडमीत यापूर्वी कुणी केला नव्हता. परीक्षेतसुद्धा याहून जास्त आवाज होतो.

"साहेब, तुमचं काय?" जिलानींनी उठता उठता विचारलं. "तुम्हाला कशाची भीती न्हाई का?"

"मला? छे!" शेषेराव म्हणाले, आणि त्यांची नजर आपोआप केबिनमधल्या लोखंडी कपाटाकडे गेली.

कपाटावर स्टीलचे तीन ग्लास होते. उपडे, एकावर एक, आणि सगळ्यात वर एक छोटी वाटी. नव्या माणसाला वाटे, पाहुण्यांसाठी ठेवलेत. कावेरीबाईंनी एकदा त्यातला एक चहासाठी घेतला, तेव्हा साहेब खुर्चीतून असे उठले की तेव्हापासून त्यांनी त्या ग्लासांना हात लावला नाही. दुसरी गोष्ट पंख्याची. साहेबांच्या केबिनमधला पंखा कधीच चालू नसे. मे महिन्यात लातूर भाजून निघतं, तेव्हाही ते अकॅडमीच्या माहितीपत्रकानं वारा घेत बसत. साहेब कंपनीची लाइट वाचवून राहिले, असा निष्कर्ष वीरण्णांनी काढला होता आणि तो सर्वमान्य झाला होता.

खरी गोष्ट अशी होती की पंखा लावला की वरची वाटी थरथरे. आणि ती वाटी थरथरलेली शेषेरावांना चालत नसे. भूकंप झाला तेव्हा ते सातवीत होते, गाव किल्लारीपासून फार लांब नाही. घर गेलं, घरातली माणसं वाचली, शेजारची वाचली नाहीत. त्यानंतर कितीतरी महिने सगळा मुलूख उघड्यावर झोपला, आणि पुन्हा छपराखाली गेला तेव्हा घरोघरी अशी भांडी रचलेली असत. जमीन जराशी हलली तरी आधी भांडी पडतील, आवाज होईल, पळायला वेळ मिळेल. हळूहळू लोकांनी भांडी खाली काढली आणि त्यात पाणी प्यायला लागले. शेषेरावांनी काढली नाहीत. घरी एक उतरंड, ऑफिसात एक. पोरांना भरवर्गात "भ्यायचं नाही, पेपरला भिडायचं" असं सांगणाऱ्या माणसानं हे कुणाला सांगायचं कसं? त्यांना त्याची लाज वाटत होती. म्हणून ते सगळ्यांची भीती विचारून मोकळे झाले आणि स्वतःची गिळून बसले.

ठरलेल्या दिवशी दुपारी मंडळी केबिनमध्ये जमली. वीरण्णा मांजर झाले होते, म्हणजे त्यांनी आपल्याच मिशांना स्केचपेननं दोन्हीकडे तीन तीन रेघा वाढवल्या होत्या. बबिता परी झाली होती. जिलानी स्वतःच्या लग्नातली शेरवानी घालून जादूगार म्हणून आले होते, पण शेरवानीची बटणं आता लागत नव्हती आणि तोच तेवढा जादूचा भाग होता. कावेरीबाई रोजच्याच लुगड्यात आल्या. "मला सोंग कशाला पायजे? लेकरं भितेतच मला," त्या म्हणाल्या.

शेषेरावांनी सोलापुरी चादर डोक्यावरून घेतली. डोळ्यांपुरती भोकं पाडताना बायकोनं केलेली कटकट आठवत ते खुर्चीत बसले. फुग्यांची माळ बांधायला केबिनमध्ये एकच हँडल होतं, कपाटाचं. वीरण्णांनी तिथं ती बांधली. अर्धवट फुगवलेले हसरे फुगे सुकलेल्या वांग्यांसारखे कपाटावरून लोंबू लागले. लॅपटॉप चालू झाला आणि पडद्यावर नाझनीन मॅडम आल्या. काचेच्या भिंती, मागं लांबच लांब टेबलं, आणि मॅडमचं ते इस्त्री केलेलं हिंदी.

"बहुत खूब, शेषेरावजी! किसी को कोई तकलीफ़ तो नहीं?"

"नहीं मॅडम, सबको पूछके किया," चादरीच्या आतून आवाज आला.

"आवाज़ साफ़ नहीं आ रही. और आप हाँफ क्यों रहे हैं?"

ऑक्टोबरमधली दुपार, बंद दार, दोन माणसांना पुरेल एवढी जाड चादर. शेषेरावांच्या अंगातून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. चौकड्याचं भूत खुर्चीत हळूहळू एका बाजूला कलायला लागलं.

"अरे, उन्हें चक्कर आ रहा है!" मॅडम घाबरून म्हणाल्या. "कोई पंखा तो चलाइए!"

"पंखा नको!" शेषेराव ओरडले, पण सोलापूरचा माल अस्सल होता, त्यातून फक्त 'अं अं' एवढंच बाहेर आलं. बबिताला वाटलं, सर कण्हताहेत. तिनं काळजीनं चटकन बटण दाबलं आणि आणखी काळजीनं रेग्युलेटर पाचवर नेला.

कित्येक महिने विश्रांती घेतलेला पंखा एकदम जोरात सुटला. फुग्यांची माळ उडाली. निम्मे फुगवलेले फुगे धड वर जात नव्हते, धड खाली येत नव्हते. त्यांनी कपाटावर एक फेरी मारली, आणि मधल्या हसऱ्या फुग्यानं त्या तीन ग्लासांना अगदी प्रेमानं धक्का दिला.

खण्, खण्, खणखणखण्!

त्यानंतर शेषेरावांनी काय केलं हे त्यांनाही नीटसं आठवत नाही. एवढं खरं की चादरीतून दबलेला आवाज या वेळी अजिबात दबला नाही. "भूकंपऽऽ! भायेर पळाऽऽ!" अशी आरोळी त्यांनी ठोकली आणि बबिताला, कावेरीबाईंना, सगळ्यांना मागं टाकून ते दारातून सुटले. भौतिकशास्त्राचा तास चालू होता. चौकड्याचं भूत कॉरिडॉरमधून "भूकंप" म्हणत पळत गेलं, तर एकाही मुलानं 'भूत' म्हणून ओरडा केला नाही. सगळा वर्ग उठला आणि भुताच्या मागं जिना उतरला. रेल्वेच्या डब्यांसारखे जोडल्यागत वरच्या मजल्यावरचे दुसरे क्लासवालेही उतरले, समोरच्या कॉम्प्लेक्समधले उतरले, मेसमधल्या बायका हातातल्या लाटण्यांसकट बाहेर आल्या, आणि बघता बघता ट्यूशन एरियाचा रस्ता माणसांनी भरला. ऑटो थांबले. ऑटोवालेही खाली उतरून आपापल्या ऑटोपासून लांब उभे राहिले.

रस्त्यावर एक भूत, एक मांजर आणि एक परी उभी होती. कुणी ढुंकून बघितलं नाही. लोह्याहून मुलाचा डबा घेऊन आलेले एक पालक भुताजवळ आले आणि गंभीरपणे म्हणाले, "किती रिश्टर असंल?"

भुतानं चादर दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. 

सगळ्यात शेवटी जिना उतरले ते जिलानी. त्यांच्या शेरवानीच्या खिशातून स्टीलची एक वाटी डोकावत होती. केबिनमध्ये सगळे निघून गेल्यावर त्यांनी जमिनीवरचे ग्लास पाहिले होते, पंखा पाहिला होता, फुगा पाहिला होता. त्यांचंही लहानपण याच मुलखातलं. त्यांना ते तीन ग्लास कशाचे होते ते आत्ता, इतक्या वर्षांनी कळलं, आणि साहेबांचा बंद पंखाही कळला. खरं काय ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची नजर चादरीखालून दिसणाऱ्या साहेबांच्या पायांकडे गेली. एका पायात चप्पल नव्हती आणि दोन्ही पाय अजून इमारतीपासून मागं मागं सरकत होते.

"हल्का झटका होता," जिलानी गर्दीला ऐकू जाईल असं म्हणाले. "मला बी लागला."

वीरण्णांनी वाटीकडे पाहिलं, जिलानींकडे पाहिलं. माणूस ॲडमिशनच्या धंद्यात मुरलेला होता, त्याला जास्त सांगावं लागलं नाही. "हाव की!" ते म्हणाले. "माझी तर खुर्ची फिरली."

"माझं दूध सांडलं," कावेरीबाई म्हणाल्या. दूध त्यांनी आणलंच नव्हतं.

एवढे साक्षीदार उभे राहिल्यावर भूकंपाला माघार घेणं शक्य नव्हतं. शेजारच्या क्लासच्या सरांनाही झटका आठवला. मोबाइलवर निरोप सुटले. पाचच मिनिटांत झटका नांदेडला जाणवला, मग उमरीला, आणि तिथून परत लातूरला आला तेव्हा चांगला मोठा होऊन आला. कुणीतरी भूकंप मोजणीच्या केंद्रात फोन लावला. तिकडून कसलीच नोंद नाही असं उत्तर मिळालं, तेव्हा लोक यंत्रावर चिडले.

"ह्यांच्या मशिनी सरकारी," डबेवाले पालक म्हणाले. "ह्यांना काय कळणार?"

गर्दी पांगल्यावर शेषेराव वर आले. चादर काढून खुर्चीवर टाकली. पंखा अजून फिरत होता, तो त्यांनी बंद केला. जमिनीवरचे ग्लास पाहून त्यांच्याही सगळं लक्षात आलं आणि ते मटकन खाली बसले. भूकंप नव्हता. आपण मात्र सगळ्यांच्या आधी पळालो होतो, सातव्या महिन्यातल्या पोरीला मागं टाकून. ही शरम त्यांना उमरीपेक्षाही जड झाली.

मग त्यांना लॅपटॉप आठवला. तो चालूच होता. मॅडमनी सगळं पाहिलं असणार. पण पडद्यावर मॅडम नव्हत्या. रिकामी खुर्ची, तीही भिंतीपर्यंत मागं सरकलेली. मागच्या लांबच लांब टेबलांवरही कुणी नव्हतं. म्हणजे मॅडम वरच्या साहेबांकडे तक्रार करायला गेल्या, बाकीचे ती ऐकायला गेले, असं शेषेरावांनी गृहीत धरलं. बारावीच्या मधोमध सिंधुला काय सांगायचं याची वाक्यं ते मनात जुळवू लागले.

फोन वाजला. नाझनीन मॅडम.

"शेषेराव सर..." मॅडमना धाप लागली होती. "बरे हायत ना समदे? ती पोटुशी पोरगी कशी हाय?"

 मॅडमच्या बोलण्याची इस्त्री कुठल्या कुठं गेली होती.

"मॅडम, तुम्ही मराठी?"

"नांदेडची हाय मी, चौफाळ्याची. आधी सांगा, समदे खाली आले ना?"

"आले मॅडम. पण..." शेषेरावांनी डोळे मिटले. खोटं बोलून लातुरात राहावं असं त्यांना क्षणभर वाटलं, पण आवाजातली ती काळजी ऐकून त्यांना ते जमेना. "मॅडम, भूकंप न्हवता. माझे ग्लास पडले. उपडे, एकावर एक..."



"वर वाटी होती का?" मॅडमनी विचारलं.

"होती."

"आमची अम्मी बी ठेवायची. अख्तरीबी म्हणून इचारा चौफाळ्यात, अजून ठेवती. मी बारकी होते तवा. तो आवाज आला की अम्मी मला काखेत मारून भायेर." मॅडम थांबल्या. "सर, मला तुमचं ओरडणं ऐकूच आलं न्हाई. नुसता तो खणखण आवाज आला. आन् मी उठले ते पळालेच. अकराव्या मजल्यावरून. जिन्यानं."

"हैदराबादला?"

"हाव. मी पळाले म्हणून माझ्या मागं समदा मजला पळाला. मजला पळाला म्हणून बिल्डिंग पळाली. आमचे डायरेक्टर साहेब सॉक्सवर उभे हायत रस्त्यात. आत्ता इचारून राहिले, काय झालं म्हणून."

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं, सुरक्षेची तालीम होती. लातूर शाखेबरोबर मिळून. त्यांना लई आवडलं." मॅडमचा आवाज खाली आला. "तुम्ही माझं कुणाला सांगू नका, मी तुमचं सांगत न्हाई. आन् उमरीला दुसरं कुणी जाईल. बारावीचं लेकरू हाय तुमच्या घरात, मला माहीत हाय."

 शेषेरावांनी नुसतं 'हाव' म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम लवकर आले. रात्रभर विचार करून त्यांनी ठरवलं होतं, ग्लास घरी न्यायचे. माणसं काल रस्त्यावर खोटं बोलली ती आपल्यासाठी, हे त्यांना कळलं होतं. आता त्यांना आणखी उकाड्यात बसवायचं नाही, पंखा लावायचा आणि झालं गेलं विसरायचं.

केबिनचं दार उघडून ते आत गेले आणि थबकले. कपाटावर ग्लास रचलेले होते. तीनच, उपडे, एकावर एक. वर वाटी, घासून लख्ख केलेली. फुगे कुणीतरी काढून टाकले होते. पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी मारली होती, आडवी आणि उभी, आणि रेग्युलेटरचं चाक तर काढूनच नेलं होतं.

जिलानी हिशेबाचे कागद घेऊन आत आले. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. खुर्ची कपाटापासून जरा लांब ओढून ते अलगद बसले आणि टेबलावरचं माहितीपत्रक उचलून वारा घेऊ लागले.

"आज हवा चांगली सुटलीये, न्हाई साहेब?" ते म्हणाले.